डाव्या हाताला समुद्र

गाडीची किल्ली हातात ठेवताना त्या दुकानातल्या मुलीनं मला तीनदा विचारलं, "तुम्ही एकट्याच?" दोनदा मी ठासून हो म्हटलं. तिसऱ्यांदा उत्तर द्यायला जरा वेळ लागला.

खरं तर लेक बरोबर यायची होती. मेलबर्नला तिच्याकडे मी तीन महिन्यांसाठी गेले होते. फेब्रुवारीत चार दिवसांची रजा काढून दोघींनी ग्रेट ओशन रोडनं फिरून यायचं, असा बेत. गाडीही साधी नव्हे, कॅम्पर व्हॅन. म्हणजे मागे बिछाना, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज, पाण्याची टाकी असं चाकांवरचं बिऱ्हाड. आदल्या दिवशी तिची रजा रद्द झाली आणि भरलेले पैसे परत मिळणार नव्हते. "आई, तू चोर्ला घाटातनं गोव्यापर्यंत गाडी नेतेस. इथला रस्ता काय तुला?" ती म्हणाली. बेळगावहून आमच्या ह्यांचा फोन आला, "लेकीकडं गेलीयेस तर लेकीकडं बस की! ह्या वयात एकटीनं समुद्राकाठी गाडीत झोपायचं, हे कुणी सांगितलंय?" कुणी सांगितलं नव्हतं, हेच तर खरं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षापर्यंत मी एक रात्रही घराबाहेर एकटी झोपले नव्हते. माहेर, सासर, बाळंतपणं, दवाखाने, यात्रा, सगळीकडे कुणी ना कुणी असायचंच.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूची होती. आमच्यासारख्यांना प्रवासात पहिला प्रश्न पोटाचा. कशात काय घातलंय, कोणत्या तेलात तळलंय, हे विचारत फिरण्यापेक्षा स्वयंपाकघरच बरोबर असलेलं बरं. डँडेनाँगच्या भारतीय दुकानातून ज्वारीचं पीठ, मुगाची डाळ घेतली. शेंगाचटणी आणि मेतकूट बेळगावहून आणलेलं होतंच. आणि सूर्यास्ताआधी जेवायचं म्हटलं तर तिथे उन्हाळ्यात सूर्य साडेआठला मावळतो, तेव्हा त्याचीही अडचण नव्हती!

निघायच्या आदल्या रात्री लेकीनं वाचनालयातून आणलेली दोन पुस्तकं चाळत बसले. तोवर माझी समजूत अशी, की हा समुद्राकाठचा एक देखणा रस्ता, पर्यटकांसाठी केलेला. पण दुसऱ्या-तिसऱ्या पानावरच कळलं, की हा रस्ता एक युद्धस्मारक आहे. टॉर्कीपासून अ‍ॅलन्सफर्डपर्यंत २४३ किलोमीटर लांबीचं. पहिल्या महायुद्धातून परत आलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी, परत न आलेल्यांसाठी, कुदळ-फावड्यांनी खोदून काढलेलं. जगातलं सगळ्यात मोठं युद्धस्मारक, असं तिथले लोक अभिमानानं सांगतात. मी पुस्तक मिटलं आणि वाटलं, बरं झालं आपण जातोय.

टॉर्की सोडलं की थोड्या वेळानं समुद्र डाव्या हाताला येतो आणि मग सुटत नाही. आपल्यासारखंच तिथेही डावीकडून चालवतात. त्यामुळे पश्चिमेकडे जाताना तुमची गाडी आणि पाणी यांच्या मध्ये फक्त एक कठडा. जागोजागी पाट्या आहेत, 'ऑस्ट्रेलियात डावीकडून चालवा', परदेशी पाहुण्यांसाठी. मला त्यांची गरज नव्हती, तरी प्रत्येक पाटीला मनातल्या मनात "होय हो, डावीकडूनच चालवतेय" असं उत्तर देत होते. एकटं माणूस बोलायला काहीतरी शोधतंच.

ईस्टर्न व्ह्यू नावाच्या जागी रस्त्यावर लाकडी कमान आहे. आधीची कमान १९८३ च्या फेब्रुवारीतल्या मोठ्या वणव्यात जळाली, ही नंतर बांधलेली. शेजारी कुदळ-फावडं घेतलेल्या दोन माणसांचा ब्रॉंझचा पुतळा. बहुतेक प्रवासी तिथे उतरतात, कमानीखाली फोटो काढतात आणि जातात. मी गाडी बाजूला लावून चहा केला आणि त्या दोघांसमोर बसून प्याले. त्यांच्याकडे बघताना असं वाटत होतं, की हे लढून आलेत आणि आता घरी जायचं सोडून इथे काय करतायत?

प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. १९१४ साली ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पन्नास लाखांच्या आत होती. त्यातून सुमारे ४,१६,००० माणसं सैन्यात भरती झाली, सगळी स्वखुशीनं, कारण तिथे सक्ती कधी मंजूर झाली नाही. त्यातली ६०,००० हून अधिक मेली. राहिलेली परत आली तेव्हा प्रश्न पडला, की ह्यांना काम काय द्यायचं? हात-पाय गमावलेले होते, तोफांच्या आवाजानं झोप उडालेले होते, आणि धडधाकट असूनही कशातच जीव न रमणारे होते. व्हिक्टोरियाच्या रस्ते मंडळाचे अध्यक्ष विल्यम काल्डर यांनी १९१७ मध्येच सुचवलं होतं, की परत येणाऱ्या शिपायांना विरळ वस्तीच्या भागात रस्ते बांधायला लावावं. आणि ह्या किनाऱ्याला रस्ता हवाच होता. लॉर्न, अपोलो बे ही गावं डोंगर आणि समुद्र यांच्या बेचक्यात अडकलेली. जायचं तर बोटीनं, नाहीतर जंगलातल्या चिखलवाटेनं.

जीलाँग शहराचे महापौर हॉवर्ड हिचकॉक यांनी ही कल्पना उचलली. १९१८ मध्ये ग्रेट ओशन रोड ट्रस्ट उभा केला, स्वतःचे ३,००० पौंड घातले, बाकीचे लोकांकडून जमवले. सरकार नव्हे, खाजगी ट्रस्ट. म्हणूनच पुढे ह्या रस्त्यावर टोल आला. मेलेल्यांच्या स्मारकावरून जायला दिडकी मोजायची, हे मला आधी विचित्र वाटलं. मग आठवलं, आमच्याकडेही देवळाचा जीर्णोद्धार पावतीपुस्तकाशिवाय होत नाही.

१९ सप्टेंबर १९१९ ला काम सुरू झालं. आठ तासांच्या दिवसाला १० शिलिंग ६ पेन्स मजुरी, शनिवारी अर्धा दिवस. यंत्रं जवळजवळ नाहीतच. कुदळ, फावडं, ढकलगाडी आणि सुरुंग. कड्याला दोर बांधून लोंबकळत खोदायचं. काही जण कामावर असताना मेले. युद्धातून वाचून आलेला माणूस स्मारक बांधताना मरतो, ह्याला काय म्हणायचं? सुरुंगाचे डिटोनेटर वाहून नेताना गाडी खडबडीत वाटेवर उसळायची, म्हणून माणसं ते आपल्या मांडीवर घेऊन बसत, असं सांगतात. मांडीइतकी मऊ जागा दुसरी कुठली? हे वाचल्यावर मला तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन एसटीत बसलेल्या बायका आठवल्या. तुलना बरी नाही, पण आठवल्या खऱ्या.

राहायला तंबू. जेवायला एक मोठा शामियाना आणि सामाईक स्वयंपाक. तळावर पियानो होता, ग्रामोफोन होता, खेळ, वर्तमानपत्रं, मासिकं होती. त्या रानात पियानो कसा नेला असेल, हा विचार माझ्या डोक्यातून दोन दिवस गेला नाही. ज्यानं तो पोहोचवायचं ठरवलं, त्याला संध्याकाळी माणसांच्या डोक्यात काय चालतं ते ठाऊक असणार.

पहिली रात्र लॉर्नला काढली. तिथे गाड्यांसाठी राखलेल्या जागा असतात. आपली गाडी लावायची, विजेची तार जोडायची, सामाईक न्हाणीघर वापरायचं. रस्त्याच्या कडेला कुठेही झोपायला बंदी आहे, हे ऐकून ह्यांना फार बरं वाटलं. शेजारच्या जागेत एक म्हातारं जोडपं होतं. बाईनं मला भाकरी थापताना पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारून बोलावलं. दोघं हात मागे बांधून, एखादा कारखाना बघावा तसं बघत उभे राहिले. मी एक भाकरी शेंगाचटणी लावून दिली. म्हातारे म्हणाले, त्यांचे चुलत आजोबा ह्या रस्त्यावर कामाला होते, पण सहा महिन्यांत सोडून गेले. "का?" मी विचारलं. "कुदळीचा आवाज त्याला सहन व्हायचा नाही, की एकांत. घरात दोन्ही सांगतात."

दिवे मालवल्यावर मात्र माझी परीक्षा सुरू झाली. पत्र्यावर काहीतरी चाललं. पानं, पक्षी की आणखी काही? मी चारदा दाराची कडी बघितली. णमोकार म्हटला, मोजणी चुकली, पुन्हा म्हटला. आणि मग त्या तंबूंची आठवण झाली. ह्याच डोंगराच्या कुशीत कापडी भिंतींआड शेकडो माणसं झोपली असतील, आणि त्यातल्या कितीतरी जणांना खट्ट झालं की तोफ ऐकू येत असेल. माझी भीती त्यापुढे किती घरगुती! झोप कधी लागली कळलं नाही.

लॉर्न ते ईस्टर्न व्ह्यू हा तुकडा १८ मार्च १९२२ ला खुला झाला होता. त्यापुढचं काम मात्र फार कठीण. लॉर्न सोडल्यावर माउंट डिफायन्स लागतो. तिथे कडा सरळ पाण्यात उतरतो आणि रस्ता त्याच्या कमरेला करदोट्यासारखा बांधलेला. हिचकॉक यांचं स्मारक तिथेच आहे. वळणं चोर्ल्यासारखीच, पण चोर्ल्यात एका बाजूला झाडी तरी असते. इथे एका बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला थेट अंटार्क्टिका. माझ्यामागे गाड्यांची रांग लागली, की मी हळू गाड्यांसाठी केलेल्या जागी बाजूला व्हायचे, हात दाखवायचे; जाणारेही हात दाखवायचे. केनेट रिव्हरला निलगिरीच्या झाडांवर कोआला झोपलेले दिसतात. दिवसाचे वीस तास झोपणारा प्राणी, त्याच्याबद्दल आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

केप पॅटनची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९२४ मध्ये 'कॅसिनो' नावाची आगबोट इथे खडकाला लागली. हलकी होऊन सुटावी म्हणून तिच्यावरून बियरची ५०० पिंपं आणि दारूच्या १२० पेट्या समुद्रात टाकल्या. त्या लाटांबरोबर किनाऱ्याला लागल्या, आणि किनाऱ्यावर कोण? रस्ता खोदणारे हे सगळे! पुढचे दोन आठवडे काम बंद होतं म्हणतात. मी दारूच्या थेंबाला न शिवलेली बाई, पण त्या टोकावर उभी राहून एकटीच खूप हसले. मग मनात हिशेब केला, १९२४ म्हणजे आमच्या बेळगावचं काँग्रेस अधिवेशन. गांधीजींच्या अध्यक्षतेखालचं एकमेव. त्या डिसेंबरात टिळकवाडीत सूत कातलं जात होतं, विहीर खोदली होती, जी आजही काँग्रेस विहीर म्हणून उभी आहे आणि तिच्याशेजारून मी रोज भाजीला जाते.

पण 'कॅसिनो'ची गोष्ट तिथे संपत नाही. पन्नास वर्षं ह्या किनाऱ्याची गावं तिच्यावर जगली. पत्रं, लोणी, बटाटे, पाहुणे, सगळं तिच्यातून. १० जुलै १९३२ ला अपोलो बेच्या धक्क्याजवळ वादळात ती बुडाली. कप्तानासकट दहा माणसं गेली. आणि त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला लॉर्नला समारंभ होऊन पूर्ण रस्ता खुला झाला. बोट गेली, रस्ता आला. आपल्या कोकणातही बोटीची माणसाला अशीच सवय होती, आणि १७ जुलै १९४७ ला 'रामदास' बोट ६०० हून अधिक माणसं घेऊन बुडाली. तोही जुलै. आमच्या आईला तो दिवस आठवायचा.

हिचकॉक यांनी तो समारंभ पाहिला नाही. २२ ऑगस्ट १९३२ ला हृदयविकारानं गेले. मिरवणुकीत राज्यपालांच्या गाडीमागून त्यांची मोटार नेली, ते नसताना. पुढे १९३६ मध्ये रस्ता सरकारकडे गेला आणि टोल उठला.

अपोलो बेला दुसरी रात्र. तिथे धक्क्यावर बसून मी आणखी एक गोष्ट वाचली, जी कमानीजवळच्या पाट्यांवर मला दिसली नव्हती. ऑटवेच्या ह्या जंगलात आणि किनाऱ्यावर गादुबानुद नावाचे मूळ रहिवासी हजारो वर्षं राहत होते. १८४६ मध्ये एका गोऱ्या सर्वेक्षकाच्या तुकडीनं एअर नदीच्या मुखाजवळ त्यांच्यातली माणसं मारली, आणि त्यानंतर त्यांचा उल्लेख जवळपास बंदच होतो. म्हणजे ज्या रानाला 'ओसाड, विरळ वस्तीचं' समजून शिपायांना पाठवलं, ते ओसाड झालं कसं, हेही विचारायला हवं. दुसऱ्या दिवशी मी एअर नदीचा पूल ओलांडला. पाणी तपकिरी, शांत, काठाला गवत. तिथे थांबायला जागा होती, मी थांबले. फोटो काढावासा वाटला नाही.

बारा अपोस्टल्स म्हणून जे चुनखडीचे सुळके जगभर प्रसिद्ध आहेत, ते बारा कधी नव्हतेच. २००५ च्या जुलैत एक कोसळल्यावर आठ राहिले. गर्दी फार. मला जवळची लॉक आर्ड घळ जास्त लक्षात राहिली. १ जून १८७८ ला 'लॉक आर्ड' जहाज तिथे फुटलं. ५४ जणांतली दोनच वाचली. टॉम पिअर्स हा शिकाऊ खलाशी आणि इवा कारमायकल ही मुलगी, दोघंही विशीच्या आतबाहेर. तिचे आईवडील, भावंडं सगळी त्याच पाण्यात गेली. आणि वर्तमानपत्रांना घाई झाली ह्या दोघांचं लग्न लावायची! तिनं काही केलं नाही, ती परत आयर्लंडला निघून गेली. घराचं घर गमावलेल्या मुलीला लोक दुसरं काही सुचवूच शकत नाहीत, हे शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आणि समुद्रापलीकडेही तसंच.

त्या जहाजावर प्रदर्शनासाठी पाठवलेला चिनी मातीचा एक मोर होता, जवळजवळ माणसाएवढा उंच. तो खोक्यासकट किनाऱ्याला लागला, न फुटता. वॉर्नंबूलच्या संग्रहालयात मी तो पाहिला. ५२ माणसं गेली आणि मातीचा मोर राहिला. काय राहील आणि काय जाईल, ह्याचा नियम नसतो.

तिसऱ्या रात्री पोर्ट कॅम्पबेलला मला झोप येईना, आता भीतीनं नव्हे. गावात शिरताना एक युद्धस्मारक दिसलं होतं. टॉर्कीपासून प्रत्येक गावात एक दिसत आलं होतं. गाव तीनशे घरांचं असलं तरी. दगड, वर नावं, आडनावासकट. मी प्रत्येक ठिकाणी थांबून ती वाचली होती, कधी एकाच आडनावाची तीन-तीन. आणि व्हॅनच्या बिछान्यावर पडून मला प्रश्न पडला, की ह्याच लढाईत आमच्याकडचे कोण गेले होते? मला एकाचंही नाव माहीत नव्हतं.

मी बेळगावात कॅम्पच्या बाजूला वाढले. मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरमधला बिगूल ऐकून आमच्या घरात दुधाचं आधण चढायचं. सेंटरमध्ये 'शर्कत' नावाचं युद्धस्मारक आहे. पन्नास वर्षं तो शब्द ऐकलाय. लहानपणी मला वाटायचं कुणा मुसलमान सुभेदाराचं नाव असेल. कधी विचारलं नाही. त्या रात्री विचारलं, म्हणजे मोबाईलवर शोधलं. शर्कत हे इराकमध्ये तैग्रिस नदीकाठचं गाव आहे. १९१८ च्या ऑक्टोबरात, महायुद्ध संपता संपता, ११४ व्या मराठा पलटणीनं तिथे लढाई गाजवली. हीच पलटण १९२२ च्या फेररचनेत बेळगावची प्रशिक्षण पलटण झाली. तिचा शब्द म्हणून आमच्या गावात आला आणि राहिला.

मग वाचतच गेले. त्या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसं परदेशी पाठवली गेली, ७४,००० च्या आसपास मेली. गॅलिपोलीत ह्याच ऑस्ट्रेलियन शिपायांना पाणी आणि दारूगोळा खेचरांवरून पोहोचवणारे हिंदुस्थानी होते. मेसोपोटेमियात सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ ह्या मराठा पलटणी गेल्या. कुत-अल-अमारा इथे डिसेंबर १९१५ पासून तुर्कांनी त्यांना कोंडलं. अन्न संपलं. घोडे मारून त्यांचं मांस वाटायला लागले. हिंदुस्थानी शिपायांतल्या बहुतेकांनी ते कित्येक आठवडे नाकारलं. धर्मगुरूंकडून 'खाल्लं तर दोष नाही' अशा तारा मागवल्या, तरी पुष्कळ जण खाईनात. पीठ औंसांवर आलं, दात हलायला लागले, माणसं उभ्याउभ्या पडायला लागली. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली, आणि कैदेतल्या पायपिटीत आणखी किती मेले. माझ्या उशाशी ज्वारीच्या पिठाचा डबा होता. कोणत्या तेलात तळलंय ह्याची काळजी करत मी इथवर आले होते.

आणि स्मारक? ते आहे. बसऱ्याला १९२९ मध्ये उभारलं. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावं होती, हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही होती. हिंदुस्थानी साध्या शिपायांची नव्हती. पलटणीचं नाव आणि पुढे आकडा, की इतके. शंभर वर्षांनी, २०२१ मध्ये, कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानंच ह्या भेदभावाची जाहीर कबुली दिली. तोवर ते स्मारकही मूळ जागी नव्हतं. १९९७ मध्ये सद्दाम हुसेननं ते उचलून वाळवंटात नेलं होतं. आपल्याकडे काहीच नाही असंही नाही. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतात ते उगाच नव्हे. त्या युद्धात गावचे ४६ जण पडले आणि इंग्रजांनी तिथे त्यांचं स्मारक उभारलं. पण असं गाव एखादंच.

चौथ्या दिवशी अ‍ॅलन्सफर्डला रस्ता संपला तेव्हा तिथे विशेष काही नव्हतं. सपाट माळ, गायी, दूधडेअरी. समुद्र कधी मागे पडला कळलंही नाही. आतल्या हमरस्त्यानं मी मेलबर्नला परत आले. व्हॅनला एक ओरखडा नव्हता, हे इथे नमूद करते, कारण आमच्या ह्यांनी पैज लावली होती.

बेळगावला आल्यावर आठवडाभरानं लोणीवाल्या आक्का आल्या. पश्चिमेकडच्या एका गावाहून गेली तीस वर्षं आमच्याकडे लोणी घालतात. एकटीनं समुद्राकाठी गाडी चालवली म्हणून त्यांनी आधी माझ्यावरून बोटं मोडली. मग मी रस्ता कुणी बांधला ते सांगितलं, तशा म्हणाल्या, "आमचे आजेसासरेबी बसऱ्यास्नी गेल्ते की. आलेच न्हाईत." हे त्या मागेही एकदोनदा म्हणाल्या होत्या. 'बसऱ्याला जाणं' ही आमच्या भागात बोलायची रीतच आहे, तेव्हा मी नुसतं हं म्हटलं असणार. ह्या खेपेस विचारलं, "नाव काय त्यांचं?"

आक्कांना पटकन आठवेना. सुना सासऱ्याच्या बापाचं नाव कशाला घेतील? "सरकारनं ताटली धाडल्याली, तीवर हाय म्हन्त्यात."

पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरात लोण्याच्या गाडग्यावर ती होती. मांजरानं तोंड घालू नये म्हणून जड झाकण हवं, आणि ही चांगली जड. वीतभरही नसेल. कांस्याची, हिरवट पडलेली, मध्ये त्रिशूळ धरलेली बाई आणि तिच्या पायाशी सिंह. आक्का त्या बाईला आजवर देवी समजत होत्या आणि दसऱ्याला तिला कुंकू लावत होत्या. ब्रिटिश साम्राज्यात युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी अशी तबकडी धाडली होती. कडेनं इंग्रजीत लिहिलंय, की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, ते लिहिलेलं नाही.

मी चिंच लावून ती घासली. सिंहाच्या वर चौकटीत उठावाची अक्षरं दिसायला लागली. घरात शिकलेला नातू होता, पण त्याच्या लक्षात कधी आलं नव्हतं. मी मोठ्यानं वाचलं. इंग्रजांनी नावाचं स्पेलिंग वाकडंतिकडं केलेलं, दोनदा वाचावं लागलं. आक्कांच्या मालकांनी, ऐंशीच्या घरातल्या त्या माणसानं, हातातला तंबाखू खाली ठेवला आणि म्हणाले, "आनी येकदा."

मी पुन्हा वाचलं. मग ते म्हणाले, "कुठं पडला, ते लिवलंय?"

नव्हतं लिहिलेलं. त्या तबकड्यांवर पलटणही लिहीत नसत, हुद्दाही नाही, जागाही नाही. फक्त नाव. मी तसं सांगितलं. मान डोलावून त्यांनी ती हातात घेतली, धोतरानं पुसली. आक्कांनी गाडग्यावर ठेवायला दुसरं झाकण शोधायला घेतलं.